पेशीतलं कॅल्शियम कोण सांभाळतं? आलेखाचा उतार वाचण्याची रीत

पेशीत रंगद्रव्य भरून कॅल्शियमच्या पातळीचा आलेख काढायच्या प्रयोगात नवा माणूस आधी शिखर मोजतो. आलेख किती वर गेला, औषध दिल्यावर किती टक्के वाढला, वगैरे. शिखर मोजायला सोपं आणि दिसायलाही झोकदार, पण त्यात अनेक गोष्टींची सरमिसळ झालेली असते. कॅल्शियम आत किती आलं, पेशीतल्या प्रथिनांनी त्यातलं किती धरून ठेवलं आणि तेवढ्या वेळात पंपांनी किती बाहेर फेकलं, हे सगळं त्या एकाच आकड्यात असतं. पेशीपटलावरची वाहक प्रथिनं कॅल्शियमची पातळी कशी राखतात, हे खरोखर समजून घ्यायचं असेल तर शिखरानंतरचा उतार बघा. दार उघडायला पेशीला फारसं काही पडत नाही, सगळा खर्च आत आलेलं परत बाहेर काढण्यात आहे. म्हणून या लेखात चढाला थोडी आणि उताराला भरपूर जागा दिली आहे.

पदवी किंवा पदव्युत्तर पातळीवर जीवशास्त्र शिकणाऱ्यांना आणि प्रयोगशाळेत फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाशेजारी नव्याने बसलेल्यांना हे डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे.

पायरी १ : आधी कागदावर आकडे मांडा

बहुतेक प्राणीपेशींच्या बाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियम साधारण १.२ मिलिमोलर असतं. विश्रांतीतल्या पेशीद्रवात ते जेमतेम १०० नॅनोमोलर, म्हणजे बारा हजार पट कमी. आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यात, मात्र पुन्हा काही शे मायक्रोमोलर. पेशीपटलाचा विद्युतदाब आतून उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास धरा.

इथे ‘मुक्त’ हा शब्द गाळू नका. रक्तद्रवातलं एकूण कॅल्शियम २.२ ते २.६ मिलिमोलर असतं, पण त्यातलं जवळपास निम्मं अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांना आणि इतर आयनांना चिकटलेलं असतं. पेशीद्रवात तर आलेल्या दर शंभर कॅल्शियम आयनांपैकी एखादाच मोकळा राहतो, बाकीचे कुठल्या ना कुठल्या प्रथिनाला बांधले जातात. पंप, वाहिन्या आणि आपलं रंगद्रव्य या सगळ्यांना दिसतो तो हाच मोकळा आयन.

एवढा उतरंडीचा उपद्व्याप कशासाठी? पेशीचा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतो आणि कॅल्शियम फॉस्फेट पाण्यात सहज विरघळत नाही. आत कॅल्शियम भरपूर राहिलं असतं तर साका बसला असता. ते खाली ठेवणं भागच होतं, आणि एकदा ते खाली राहिल्यावर त्याचाच निरोप म्हणून उपयोग होऊ लागला. पातळी १०० नॅनोमोलरवर असेल तर थोडंसं कॅल्शियम आत येताच ती दसपट होते. सोडियमच्या बाबतीत अशी दसपट वाढ करायची तर पेशी कोलमडेल.

पायरी २ : ऊर्जेचा हिशोब स्वतः करा

ही पायरी बरेच जण वगळतात. मला मात्र ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण प्रत्येक वाहक प्रथिनाचे ‘एकाला दोन’, ‘तिनाला एक’ असे आकडे पाठ करावे लागतात ते इथे आपोआप निघतात.

३७ अंश सेल्सिअसला एक मोल कॅल्शियम आतून बाहेर न्यायला किती ऊर्जा लागेल? बारा हजार पटीच्या संहतीफरकाविरुद्ध सुमारे २४ किलोज्यूल. शिवाय दोन धनभार उणे ७० मिलिव्होल्टच्या ओढीतून सोडवायचे, त्याचे साडेतेरा. एकूण ३८ च्या आसपास. जिवंत पेशीत एटीपीच्या एका मोलच्या विघटनातून ५० ते ६० किलोज्यूल मिळतात. म्हणजे एका एटीपीत एक कॅल्शियम बाहेर जाईल, दोन जाणार नाहीत. पेशीपटलावरचा कॅल्शियम पंप, म्हणजे पीएमसीए, नेमका एका एटीपीमागे एकच कॅल्शियम फेकतो.

आता आंतर्द्रव्यजालिकेकडे वळा. तिच्या पटलावर लक्षात घ्यावा असा विद्युतदाब नसतो. आत ५०० मायक्रोमोलर धरलं तर फरक पाच हजार पट होतो आणि एका मोलला सुमारे २२ किलोज्यूल लागतात. दोन मोलला ४४, ते एका एटीपीत बसतं. तिथला पंप, सर्का, एका एटीपीत दोन कॅल्शियम आत ओढतो.

तिसरा सोडियम-कॅल्शियम अदलाबदली करणारा एनसीएक्स. तो एटीपी थेट वापरत नाही. बाहेरचं सोडियम १४५ आणि आतलं १० मिलिमोलर असेल तर एक मोल सोडियम आत शिरताना साडेतेरा किलोज्यूलच्या थोडं वर सोडतं. दोन सोडियमचे होतात २७, ते ३८ ला पुरत नाहीत. तिनाचे होतात ४१, म्हणजे पुरतात, पण काठावर. म्हणून तीन सोडियम आत आणि एक कॅल्शियम बाहेर.

‘काठावर’ हा शब्द ध्यानात ठेवा. प्रत्येक फेरीत एक जादा धनभार आत येतो, त्यामुळे या प्रथिनाची दिशा पटलाच्या विद्युतदाबावर ठरते. वरच्याच आकड्यांनी हिशोब केला तर उणे ३७ मिलिव्होल्टच्या आसपास ते थांबतं आणि पटल त्याहून धन झालं तर उलटं चालू लागतं, म्हणजे कॅल्शियम आत आणतं. आतलं कॅल्शियम १ मायक्रोमोलरपर्यंत चढलं की हाच उलटफेरीचा बिंदू अधिक २५ च्या जवळ सरकतो. हृदयपेशीच्या एकाच ठोक्यात एनसीएक्स आधी क्षणभर आत आणणारा आणि मग बाहेर काढणारा असतो, त्याचं कारण हेच. ‘एनसीएक्स कॅल्शियम बाहेर काढतो’ असं वाक्य वहीत लिहिलं असेल तर त्यापुढे ‘विद्युतदाब कोणता आणि आतलं सोडियम किती?’ असं लिहून टाका.

पायरी ३ : दारांची यादी करा, पण इथे रेंगाळू नका

तुमच्या पेशीत कॅल्शियम कुठून कुठून येऊ शकतं ते लिहा. चेतापेशी, स्नायू किंवा इन्सुलिन सोडणारी बीटा पेशी असेल तर विद्युतदाबावर उघडणाऱ्या वाहिन्या. आतड्याच्या अस्तरात टीआरपीव्ही-६, मूत्रपिंडाच्या नलिकेत टीआरपीव्ही-५. लसिकापेशीत मुख्यतः ओराय-१. आतल्या साठ्यातून सोडणाऱ्या दोन : आयपी-३ ग्राही आणि रायनोडिन ग्राही. आयपी-३ या पेशीतल्या निरोप्या रेणूमुळे साठ्यातलं कॅल्शियम सुटतं हे १९८३ मध्ये स्वादुपिंडाच्या पेशींवर दिसलं.

वाहिनीबद्दल एकच गोष्ट जवळून पाहू. सोडियम आणि कॅल्शियम आयनांचा आकार जवळजवळ सारखा, आणि बाहेर सोडियम शंभरपटीहून अधिक. तरीही विद्युतदाबावर उघडणारी एल-प्रकारची वाहिनी जवळजवळ फक्त कॅल्शियमच आत सोडते. तिच्या अरुंद भागात चार ग्लुटामेट अमिनो आम्लं तोंड आत करून बसलेली असतात. त्यांचा ऋणभार दोन धनभारांच्या कॅल्शियमला घट्ट धरतो आणि सोडियमला वाट मिळत नाही. पण इतकं घट्ट धरल्यावर सेकंदाला लाखो आयन जातात कसे? मागून दुसरं कॅल्शियम आलं की पहिलं ढकललं जातं. याचा पुरावा मजेशीर आहे. बाहेरचं कॅल्शियम पूर्ण काढून घ्या, मग त्याच वाहिनीतून सोडियम बिनदिक्कत वाहू लागतं. म्हणून ‘शून्य कॅल्शियम’ द्रवात ठेवलेल्या पेशीत आतलं सोडियमही बदलू शकतं, आणि ते बदललं की मागच्या पायरीतला एनसीएक्सचा हिशोबही बदलतो.

पायरी ४ : बाहेर काढणाऱ्यांची पकड आणि वेग वेगवेगळे लिहा

पीएमसीए हंस शाट्समान यांना १९६६ मध्ये तांबड्या रक्तपेशींत सापडला. या पेशींत आंतर्द्रव्यजालिका नसते, त्यामुळे दुसऱ्या कुणाची लुडबूड नव्हती. त्याची पकड घट्ट असते, अगदी कमी कॅल्शियमवरही तो काम करतो, पण वेग बेताचा. शिवाय त्याचं शेपूट स्वतःच्याच कामात आडवं येतं. कॅल्शियम वाढून कॅल्मोड्युलिन हे कॅल्शियम धरणारं प्रथिन त्या शेपटाला चिकटलं की अडसर दूर होतो. काही प्रकारांत कॅल्मोड्युलिन सुटायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या उसळीनंतर लगेच दुसरी आली तर तिचा उतार अधिक वेगाने होतो. एकाच पेशीला दोनदा उत्तेजना देणार असाल तर मधला वेळ प्रत्येक वेळी सारखा ठेवा.

एनसीएक्स याच्या उलट. पकड सैल, पण सेकंदाला हजारो आयन हलवण्याची ताकद. मोठी उसळी तो उतरवतो, पण विश्रांतीच्या पातळीच्या शेवटच्या टप्प्यात तो मंदावतो आणि तिथे पीएमसीए किंवा सर्का लागतो. पेशी म्हणजे पाणी शिरलेली होडी मानली तर एनसीएक्स ही बादली आणि पीएमसीए हा तळ पुसणारा फडका.

सर्काची रचना चिकाशी तोयोशिमा यांच्या गटाने २००० मध्ये उलगडली आणि त्यानंतर हा पंप चित्रांतून दिसू लागला. पेशीद्रवाकडून दोन कॅल्शियम येऊन पटलातल्या खोबणीत बसतात. एटीपीचा फॉस्फेट ३५१ क्रमांकाच्या ॲस्पार्टेटवर चढतो. पेशीद्रवात लोंबणारे तीन भाग एकमेकांकडे झुकतात, खोबणीचं पेशीद्रवाकडचं तोंड मिटतं, मग जालिकेच्या आतलं तोंड उघडतं आणि पकड ढिली होऊन कॅल्शियम आत पडतं. रिकामा पंप हायड्रोजन आयन घेऊन परततो. थॅप्सिगार्गिन या वनस्पतीजन्य विषाने पंप याच रिकाम्या अवस्थेत जखडतो आणि सहसा सुटत नाही. म्हणून ते धुऊन पेशी पूर्ववत होईल या भरवशावर प्रयोग आखू नका.

हृदयात सर्कावर फॉस्फोलांबान नावाचं ५२ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन लगाम धरून असतं. ॲड्रेनलिन आलं की त्याच्या १६ व्या सेरीनवर फॉस्फेट लागतो आणि लगाम सुटतो. ॲड्रेनलिनने हृदय जोरात आकुंचन पावतं हे सगळे सांगतात. ते लवकर सैलही होतं हे कमी जण सांगतात, आणि तसं झालं नसतं तर वाढलेल्या गतीत कप्पे भरायलाच वेळ मिळाला नसता.

तंतुकणिकांबद्दल (मायटोकॉन्ड्रिया) थोडक्यात. त्यांचं आतलं पटल उणे १८० मिलिव्होल्टच्या जवळ असतं, त्यामुळे ओढ प्रचंड. २०११ मध्ये ओळख पटलेली एमसीयू ही वाहिनी एमआयसीयू-१ या पहारेकऱ्यामुळे कमी कॅल्शियमवर बंद राहते. बाहेर काढण्याचं काम एनसीएलएक्स करतो. उताराला लांब मंद शेपटी दिसली तर बऱ्याचदा यांचा हात असतो.

पायरी ५ : पहिला प्रयोग – उत्तेजित न होणाऱ्या पेशीत

फ्युरा-२ या कॅल्शियम मोजणाऱ्या रंगद्रव्याचा एस्टर प्रकार १ ते ५ मायक्रोमोलर घ्या, अर्धा ते पाऊण तास भरू द्या, मग धुवा आणि आणखी वीस-तीस मिनिटं थांबा, म्हणजे एस्टर तुटून रंगद्रव्य कॅल्शियमला प्रतिसाद देऊ लागेल. ३७ अंशांवर भरलं तर ते पेशीतल्या इतर कप्प्यांत शिरण्याची शक्यता वाढते, म्हणून भरणं खोलीच्या तापमानाला केलेलं बरं. ३४० आणि ३८० नॅनोमीटरने आळीपाळीने उत्तेजित करा, ५१० च्या आसपास प्रकाश मोजा आणि गुणोत्तर काढा.

मग क्रम असा :

१. द्रव बदलून शून्य कॅल्शियम आणि थोडं ईजीटीए (उरलंसुरलं कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) असलेला द्या. विश्रांतीची पातळी स्थिर होऊ द्या.

२. १ मायक्रोमोलर थॅप्सिगार्गिन घाला. सर्का बंद पडतो, साठ्यातून नेहमी झिरपणारं कॅल्शियम परत आत ओढलं जात नाही आणि आलेखात एक बुटका उंचवटा येतो. पाच-दहा मिनिटांत तो ओसरतो.

३. आता २ मिलिमोलर कॅल्शियम परत द्या. साठा रिकामा झाल्याचं जालिकेच्या पटलातल्या स्टिम-१ या प्रथिनाने ओळखलेलं असतं. ते पेशीपटलाजवळ जमून ओराय-१ उघडतं आणि आलेख झपाट्याने चढतो.

४. पातळी स्थिरावली की पुन्हा शून्य कॅल्शियम. आता पडणारा उतार हा तुमचा खरा माल. दार बंद, सर्का बंद, एनसीएक्स नसलेली पेशी असेल तर उरला जवळजवळ एकटा पीएमसीए.

तिसऱ्या टप्प्यातला चढ मोठा आला की ‘ओराय वाढलं’ असं लिहायचा मोह होतो. थांबा. पीएमसीए मंदावला तरी चढ मोठाच दिसतो. चौथ्या टप्प्याचा उतारही मंद झाला असेल तर संशय पंपावर घ्या. खात्रीसाठी मँगनीजची चाचणी आहे : मँगनीज त्याच दारातून आत येतं, पंपांना ते नीट बाहेर काढता येत नाही आणि ते फ्युरा-२ चा प्रकाश विझवतं. ३६० नॅनोमीटरजवळ कॅल्शियमचा परिणाम दिसत नाही, त्यामुळे तिथला प्रकाश किती वेगाने मावळतो यावरून नुसती आवक कळते.

पायरी ६ : दुसरा प्रयोग – हृदयपेशीत वाटण्या करा

इथे तीन उतार घ्यायचे. पहिला नेहमीच्या ठोक्याचा. दुसरा, ठोके थांबवून १० मिलिमोलर कॅफीनचा झटका दिल्यावरचा. कॅफीनने रायनोडिन ग्राही उघडेच राहतात, सर्काने आत ओढलेलं लगेच गळतं, म्हणून सर्का असून नसल्यासारखा. तिसरा, हेच कॅफीन सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही नसलेल्या द्रवात, म्हणजे एनसीएक्सही ठप्प. सोडियमच्या जागी लिथियम वापरलं तर लक्षात असू द्या, एनसीएक्सला ते चालत नाही, पण तंतुकणिकेतल्या एनसीएलएक्सला चालतं.

प्रत्येक उतारावर घातांकी वक्र बसवा आणि वेग-स्थिरांक काढा. समजा, ते सेकंदाला ५, ०.५ आणि ०.१ आले. हे नमुन्यादाखल घेतलेले आकडे आहेत. सर्काचा वाटा ५ वजा ०.५, म्हणजे ४.५, अर्थात ९० टक्के. एनसीएक्सचा ०.५ वजा ०.१, म्हणजे ८ टक्के. उरलेले २ टक्के पीएमसीए आणि तंतुकणिकांचे. उंदराच्या हृदयात चित्र साधारण असंच असतं. सशाच्या आणि माणसाच्या हृदयात सर्काचा वाटा ७० टक्क्यांच्या जवळ येतो आणि एनसीएक्सचा २५-३० टक्क्यांवर जातो. उंदरावर मिळालेलं उत्तर माणसाला चिकटवण्याआधी हा फरक डोळ्यासमोर ठेवा.

पायरी ७ : उतार फसवतो तो कसा

सगळ्यात मोठा फसवा म्हणजे आपलं रंगद्रव्यच. फ्युरा-२ कॅल्शियम धरून ठेवतं, जास्त भरलं तर शिखर बुटकं आणि उतार लांबट होतो. रंगद्रव्य निम्मं करून पुन्हा मोजा. उतार वेगवान झाला तर दोष पंपाचा नव्हता.

दुसरं, वेगवेगळ्या उंचीवरून सुरू झालेले उतार थेट ताडू नका. पंपाचा वेग कॅल्शियमच्या पातळीवर अवलंबून असतो. दोन्ही आलेखांत एकच पातळी, उदाहरणार्थ ३०० नॅनोमोलर, निवडा आणि तिथून खालचा भागच जुळवा. त्यासाठी गुणोत्तराचं संहतीत रूपांतर करावं लागेल : मोजलेल्या गुणोत्तरातून किमान गुणोत्तर वजा करा, त्याला कमाल वजा मोजलेल्या गुणोत्तराने भागा, मग बंधन-स्थिरांकाने (सहसा २२४ नॅनोमोलर धरतात) आणि ३८० नॅनोमीटरवरच्या मुक्त व बद्ध प्रकाशाच्या गुणोत्तराने गुणा. किमान ०.५, कमाल ८, प्रकाशाचं गुणोत्तर ६ आणि मोजलेलं ०.९ असेल तर उत्तर ७६ नॅनोमोलरच्या आसपास येतं. विश्रांतीच्या पेशीत ३०० आलं तर पेशी तरी आजारी आहे किंवा मापांकन तरी.

तापमानही जपा. थंडीत वाहिन्यांपेक्षा पंप जास्त मंदावतात. कॅफीनचा रंगद्रव्याच्या प्रकाशावर स्वतःचाही थोडा परिणाम होतो, म्हणून पेशीविना एक चाचणी करून ठेवा. आणि फक्त पीएमसीए नेमका अडवणारं सोयीचं औषध हाताशी नाही. व्हॅनाडेट पीएमसीएच्या कुळातले सगळेच पंप अडवतं, लँथॅनम वाहिन्याही बंद करतं. अशा औषधावरच्या एकाच आलेखावर निष्कर्ष बेतू नका.

पायरी ८ : आधी भाकीत, मग प्रयोग

पद्धत हातात बसली का, हे पाहायला डिजॉक्सिन हे हृदयावरचं औषध घ्या. ते कॅल्शियमच्या कुठल्याच वाहकाला शिवत नाही, सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं. पायरी २ चा हिशोब आठवा. आतलं सोडियम १० वरून १५ झालं तर तीन सोडियमची मिळकत ४१ वरून ३८ वर येते, म्हणजे ३८ किलोज्यूलच्या कामाला जेमतेम पुरेल इतकी. एनसीएक्स अडखळतो, न निघालेलं कॅल्शियम सर्का साठ्यात भरतो आणि पुढचा ठोका जोरदार होतो.

आता पायरी ६ मधल्या तीन आलेखांत काय दिसायला हवं ते कागदावर लिहून काढा. ठोक्याचं शिखर वाढेल, पण उतार थोडाच बदलेल, कारण सर्का शाबूत आहे. कॅफीनचं शिखर वाढेल आणि उतार स्पष्टपणे मंदावेल. सोडियमविरहित द्रवातला उतार जवळपास होता तसाच राहील. तिन्ही जुळले तर वाटण्या बरोबर केल्यात. फक्त हा प्रयोग उंदराच्या पेशीवर करू नका. त्यांच्या सोडियम पंपाच्या आल्फा-१ प्रकाराला डिजॉक्सिन फारसं बाधत नाही. सशाची किंवा गिनीपिगची पेशी घ्या.